जनरल मॉरिस यांचे पत्र

दर नोव्हेंबरात ब्रिटनमधील रेल्वे स्थानकांवर, दुकानांत आणि कार्यालयांत कागदी लाल पॉपीची फुले दिसू लागतात. युद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ कोटाला लावली जाणारी ही फुले विकून माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी निधी उभारणारी संस्था म्हणजे ब्रिटिश लीजन. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्षपद मेजर जनरल सर फ्रेडरिक बार्टन मॉरिस यांनी १९३२ ते १९४७ अशी पंधरा वर्षे सांभाळले. माजी सैनिकांचा इतका दीर्घकाळ विश्वास लाभलेल्या या अधिकाऱ्याला मात्र पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, वयाच्या ४७ व्या वर्षी, कोणत्याही चौकशीविना सैन्यातून निवृत्त करण्यात आले होते. पंतप्रधानांनी आणि त्यांच्या निकटच्या सहकाऱ्याने संसदेला दिलेली माहिती खरी नाही, असे त्यांनी स्वतःच्या सहीने वृत्तपत्रांतून जाहीर केले होते.

सरकारच्या आतल्या गोटातील माणसाने युद्धकाळात सरकारविरुद्ध तोंड उघडणे ही गोष्ट तेव्हाही धोक्याची होती आणि आजही आहे. मॉरिस यांची कथा त्या धोक्याची आहेच; शिवाय खरे बोलूनही माणूस वाद कसा हरतो, याचीही ती कथा आहे.

घराण्याचा वारसा

फ्रेडरिक मॉरिस यांचा जन्म १९ जानेवारी १८७१ रोजी डब्लिन येथे झाला. मॉरिस घराण्यात मतासाठी किंमत मोजण्याची परंपरा होती. आजोबा फ्रेडरिक डेनिसन मॉरिस हे व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडमधील नामांकित धर्मचिंतक आणि ख्रिस्ती समाजवादाचे एक प्रवर्तक. पापी जीवांना अनंतकाळ नरकयातना भोगाव्या लागतात, या रूढ समजुतीविषयी त्यांनी शंका घेतली आणि १८५३ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने त्यांना प्राध्यापकपदावरून दूर केले. दुसऱ्याच वर्षी त्यांनी श्रमिकांच्या शिक्षणासाठी वर्किंग मेन्स कॉलेजची स्थापना केली.

वडील जॉन फ्रेडरिक मॉरिस हे सेनाधिकारी आणि लष्करी इतिहासकार. १९०२ च्या आरंभी त्यांनी एका नियतकालिकात टोपणनावाने लेख लिहिला. सैन्यात भरती व्हायला येणाऱ्या पाच तरुणांपैकी तिघे शारीरिकदृष्ट्या सैनिकी सेवेस टिकत नाहीत, असे त्या लेखाचे सार होते. बोअर युद्धाने हादरलेल्या इंग्लंडमध्ये त्यावरून मोठी खळबळ उडाली आणि जनतेच्या शारीरिक ऱ्हासाचा प्रश्न सरकारी समितीपुढे गेला. शासनयंत्रणेच्या आत राहून दिसलेले सत्य लोकांपुढे मांडण्याचा हा पाठ मुलाने घरातच पाहिला होता. फरक इतकाच, की वडिलांनी तो लेख टोपणनावाने लिहिला होता. मुलाने पुढे आपले खरे नाव घातले.

सेंट पॉल्स स्कूल आणि सँडहर्स्ट येथील शिक्षणानंतर फ्रेडरिक १८९२ मध्ये डर्बीशायर रेजिमेंटमध्ये दाखल झाले. १८९७-९८ मध्ये हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील तिराहच्या मोहिमेत त्यांनी भाग घेतला आणि त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धातही ते होते. १८९९ मध्ये हेलन मार्गारेट मार्श यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हेलन यांचे बंधू एडवर्ड मार्श हे पुढे विन्स्टन चर्चिल यांचे दीर्घकाळचे खासगी सचिव म्हणून ओळखले गेले. मॉरिस दांपत्याला चार मुली आणि एक मुलगा झाला.

कॅम्बर्लीच्या स्टाफ कॉलेजात शिकवत असताना मॉरिस यांचा संबंध तेथील प्रमुख विल्यम रॉबर्टसन यांच्याशी आला. साधा शिपाई म्हणून भरती होऊन सर्वोच्च पदाला पोहोचलेले रॉबर्टसन मितभाषी, रोखठोक आणि हट्टी होते. मॉरिस अभ्यासू, नेमके आणि संकोची. दोघांचे उत्तम जमले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये मॉरिस तिसऱ्या डिव्हिजनबरोबर फ्रान्सला गेले आणि मॉन्सच्या माघारीचे ते साक्षीदार झाले. डिसेंबर १९१५ मध्ये रॉबर्टसन लष्कराचे सर्वोच्च प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी मॉरिस यांना लंडनच्या वॉर ऑफिसमध्ये आणून लष्करी कारवायांच्या विभागाचे संचालक नेमले. जगभर पसरलेल्या ब्रिटिश आघाड्यांवर कोठे किती सैन्य आहे, किती लागेल, शत्रूचे बळ किती, याचा हिशेब या विभागातून मंत्रिमंडळापुढे जात असे. पुढची सव्वादोन वर्षे हे सारे आकडे मॉरिस यांच्या मेजावरून जात होते.

सैन्य कोणाचे, हिशेब कोणाचा

डिसेंबर १९१६ मध्ये डेव्हिड लॉइड जॉर्ज पंतप्रधान झाले. पश्चिम आघाडीवरील प्रचंड प्राणहानीने ते अस्वस्थ होते आणि सेनापतींवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. १९१७ च्या उत्तरार्धात पॅशनडेलच्या चिखलात ब्रिटिश फौजेचे सुमारे अडीच लाख सैनिक मृत, जखमी किंवा बेपत्ता झाले, तेव्हा हा अविश्वास पराकोटीला गेला. फ्रान्समधील सरसेनापती डग्लस हेग यांच्या हाती आणखी माणसे दिली, तर ते ती आणखी एका निष्फळ चढाईत खर्च करतील, अशी पंतप्रधानांची धारणा होती. ती अगदीच निराधार होती, असे म्हणता येणार नाही.

१९१८ सालासाठी लष्कराने सहा लाखांहून अधिक सुदृढ माणसे मागितली. मंत्रिमंडळाच्या समितीने लष्कराच्या वाट्याला १ लाखाच्या आसपास माणसे ठेवली. जहाजबांधणी, शेती, विमाने आणि रणगाडे यांची गरज आधी भागवायची, असे ठरले. परिणामी प्रत्येक पायदळ डिव्हिजनमधील पलटणी १२ वरून ९ वर आणाव्या लागल्या आणि शंभराहून अधिक पलटणी मोडल्या गेल्या. त्याच हिवाळ्यात फ्रेंचांकडील आघाडीचा काही भागही ब्रिटिशांनी आपल्याकडे घेतला. दक्षिण टोकाला जनरल ह्यूबर्ट गफ यांची पाचवी सेना सुमारे ४२ मैलांच्या पट्ट्यात विरळ पसरली होती. रशिया युद्धातून बाहेर पडल्याने जर्मनीच्या पूर्वेकडील फौजा मोकळ्या झाल्या होत्या आणि आगगाड्या भरभरून पश्चिमेकडे येत होत्या. संकटाची चाहूल रॉबर्टसन आणि मॉरिस यांना लागली होती. परंतु फेब्रुवारी १९१८ मध्ये रॉबर्टसन यांनाच पद सोडावे लागले आणि त्यांच्या जागी पंतप्रधानांच्या मर्जीतील हेन्री विल्सन आले.

२१ मार्च १९१८ रोजी पहाटेच्या दाट धुक्यात जर्मन तोफा धडाडल्या. गफ यांची सेना मागे रेटली गेली. पहिल्याच दिवशी सुमारे २१ हजार ब्रिटिश सैनिक शत्रूच्या हाती सापडले. पुढच्या काही दिवसांत आघाडी चाळीस मैलांपर्यंत मागे हटली. आठवड्याभरात गफ यांची उचलबांगडी झाली. पराभवाचा दोष कोणाचा, हा प्रश्न लंडनमध्ये विचारला जाऊ लागला आणि त्याचे उत्तर सेनापतींकडे बोट दाखवून दिले जाऊ लागले.

९ एप्रिल रोजी लॉइड जॉर्ज सक्तीच्या सैन्यभरतीची वयोमर्यादा वाढवणारे विधेयक घेऊन हाउस ऑफ कॉमन्समध्ये उभे राहिले. १ जानेवारी १९१८ रोजी फ्रान्समधील ब्रिटिश सैन्य आदल्या वर्षीच्या त्याच तारखेपेक्षा बरेच अधिक बलवान होते, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये गोऱ्या सैनिकांच्या केवळ तीनच डिव्हिजन आहेत, बाकी फौज हिंदी किंवा जवळजवळ हिंदीच आहे, असेही ते म्हणाले. म्हणजे पंतप्रधानांनी हेग यांना माणसे पुरेशी दिली होती आणि पूर्वेकडे ती उगाच अडकवून ठेवलेली नव्हती, असा श्रोत्यांचा समज झाला. २३ एप्रिल रोजी अर्थमंत्री आणि कॉमन्समधील सरकार पक्षाचे नेते बोनार लॉ यांनी आघाडी वाढवण्याच्या प्रश्नावर उत्तर देताना सांगितले, की व्हर्सायच्या सर्वोच्च युद्ध मंडळात हा विषय निर्णयाला आलाच नव्हता.

यातील पहिल्या विधानामागची खुबी समजण्यासाठी लष्करी हिशेबाची एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. फौजेत बंदूक हाती घेऊन लढणारे असतात, तसे रस्ते बांधणारे, माल उतरवणारे, रेल्वेमार्ग टाकणारेही असतात. १९१७ सालात फ्रान्समध्ये अशा बिनलढाऊ माणसांची संख्या फार वाढली होती. सगळी डोकी मोजली, तर सैन्य वाढल्याचे दिसे. खंदकात उभे राहणारे मोजले, तर ते घटल्याचे दिसे. दोन्ही आकडे कागदावर खरे असू शकत होते. जर्मन चढाई थोपवायची होती ती मात्र खंदकातल्यांना.

दुसऱ्या विधानातील गोऱ्या डिव्हिजनांचा हिशेबही वस्तुस्थितीला धरून नव्हता; पॅलेस्टाइनच्या आघाडीवर त्यांची संख्या कितीतरी अधिक होती. मार्चच्या आघातानंतर त्यांपैकी काही फौजा घाईने फ्रान्सला हलवाव्या लागल्या आणि त्यांची जागा हिंदी पलटणींनी घेतली. मेसोपोटेमियाच्या वाळवंटात मराठा पलटणी कित्येक वर्षे लढत होत्या. या वादातले दोन्ही पक्ष मात्र गोऱ्यांचीच मोजदाद करत होते. हिंदी शिपाई त्या चर्चेत आले ते उरलेली बेरीज म्हणून.

पत्र

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मॉरिस यांनी संचालकपद सोडले. लष्करातील त्यांची पुढची वाटचाल अजून खुली होती. त्या वर्षाच्या आरंभी त्यांना सर हा किताब मिळाला होता. गप्प बसले असते, तर त्यांचे काहीच बिघडणार नव्हते.

परंतु त्यांनी फ्रान्सचा दौरा केला होता आणि तेथील अधिकाऱ्यांची मने कशी कडवट झाली आहेत, हे पाहिले होते. आपण ज्या बळाच्या अभावी मार खाल्ला, ते बळ आपल्यापाशी होतेच, असे देशाला सांगितले जात आहे, ही भावना तेथे पसरली होती. सेनापतींवरचा विश्वास उडाला, की सैनिकांचे धैर्यही खचते, असे मॉरिस यांना वाटत होते. ३० एप्रिल रोजी त्यांनी हेन्री विल्सन यांना पत्र लिहून ही विधाने चुकीची असल्याचे कळवले. उत्तर आले नाही.

तेव्हा त्यांनी शेवटचा मार्ग पत्करला. सेवेतील अधिकाऱ्याने लष्करी बाबींवर वृत्तपत्रात लिहिणे हा नियमांचा उघड भंग होता, हे त्यांना पुरते ठाऊक होते. रॉबर्टसन यांना त्यांच्या बेताची कल्पना होती. विरोधी बाकांवरील माजी पंतप्रधान हर्बर्ट अॅस्क्विथ यांच्याशी मात्र त्यांनी आधी मसलत केली नाही. आपल्या कृतीची जबाबदारी आपल्या एकट्यावर राहावी, तिला पक्षीय कटाचा वास येऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. मुलांनाही त्यांनी पत्र लिहून आपण काय करणार आहोत, ते सांगितले. याचे परिणाम कुटुंबाला भोगावे लागतील, हे त्यात लपवलेले नव्हते. आपण योग्य तेच करत आहोत अशी खात्री पटल्यावर माणसाने दुसऱ्या कशाची पर्वा करू नये, असा त्या पत्राचा आशय होता. त्यांची मुलगी जोन तेव्हा १४ वर्षांची होती.

७ मे १९१८ रोजी 'द टाइम्स'सह लंडनच्या चार दैनिकांत पत्र प्रसिद्ध झाले. ते लहान होते. तीन विधाने घेऊन प्रत्येक विधान वस्तुस्थितीशी जुळत नाही, एवढेच त्यात म्हटले होते. त्यात शत्रूच्या उपयोगी पडेल असा एकही आकडा नव्हता, कोणत्याही आघाडीचे गुपित नव्हते. मागणी एकच होती: संसदेने चौकशी करावी.

९ मे

सरकार गडबडले. बोनार लॉ यांनी प्रथम दोन न्यायाधीशांकरवी चौकशी करण्याची तयारी दाखवली. अॅस्क्विथ यांना ती मान्य नव्हती. चौकशी कॉमन्सच्या निवडक सदस्यांच्या समितीने करावी, असा त्यांचा आग्रह होता. या आग्रहामुळे हाती आलेली एक संधी निसटली. मध्यंतरीच्या दोन दिवसांत लॉइड जॉर्ज यांनी आपली तयारी पक्की केली आणि ९ मे रोजी भरगच्च सभागृहात चर्चा झाली.

अॅस्क्विथ यांचे भाषण संयमित आणि निस्तेज झाले. आपण सरकार पाडायला निघालेलो नाही, हे सांगण्यातच त्यांची बरीच शक्ती खर्ची पडली. त्यानंतर लॉइड जॉर्ज उठले. मॉरिस ज्या आकड्यांना खोटे म्हणतात, ते आकडे त्यांच्याच विभागाने पुरवले होते, असा त्यांनी हल्ला चढवला. १८ एप्रिल रोजी युद्धखात्याच्या उपमंत्र्यांनी सभागृहात दिलेले उत्तर त्यांनी पुढे केले. ते उत्तर खरोखरच मॉरिस यांच्या विभागातून गेले होते. व्हर्सायला मॉरिस हजर असले, तरी मंडळाच्या दालनात ते नव्हते, हेही त्यांनी सांगितले. आपल्याच खात्याचे आकडे नाकारणारा, नियम मोडणारा, राजकारण्यांच्या हातचे बाहुले झालेला अधिकारी असे मॉरिस यांचे चित्र त्यांनी रंगवले. सभागृह त्यांच्या बाजूला झुकले. अॅस्क्विथ यांचा ठराव १०६ विरुद्ध २९३ मतांनी फेटाळला गेला.

मॉरिस यांना त्या सभागृहात बोलण्याचा अधिकार नव्हता. असता, तर त्यांना दोन गोष्टी सांगता आल्या असत्या. पहिली अशी, की पंतप्रधानांचे वादग्रस्त विधान ९ एप्रिलचे होते. ते १८ एप्रिलला तयार झालेल्या तक्त्यावर आधारलेले असूच शकत नव्हते. दुसरी अशी, की त्या तक्त्यातच चूक होती. इटलीत असलेली ब्रिटिश फौज त्यात अनवधानाने फ्रान्सच्या आकड्यांत मिळवली गेली होती. चूक ध्यानात आल्यावर वॉर ऑफिसने दुरुस्त आकडे पंतप्रधानांच्या कार्यालयाकडे पाठवले होते. तरी चर्चेत वापरले गेले ते जुनेच आकडे.

व्हर्सायच्या मुद्द्यावर मॉरिस यांची बाजू तुलनेने लंगडी होती, हेही नोंदवायला हवे. प्रत्यक्षात घडलेला आघाडीचा विस्तार हेग आणि फ्रेंच सेनापती पेताँ यांच्यात आधीच ठरला होता. युद्ध मंडळाचा निर्णय त्यापुढच्या विस्ताराविषयी होता. खुद्द हेग यांनाही मॉरिस यांची कृती रुचली नाही. सैनिकाने राजकारणात पडू नये, असे त्यांचे मत होते. ज्यांच्यासाठी मॉरिस यांनी आपले पद पणाला लावले, त्यांच्यातील सर्वांत मोठा माणूसही त्यांच्या पाठीशी उभा राहिला नाही.

काही दिवसांतच मॉरिस यांना निवृत्त करण्यात आले. लष्करी न्यायालयापुढे बाजू मांडण्याची संधी त्यांना नाकारण्यात आली. १९११ चा शासकीय गुपितांचा कायदा अस्तित्वात असूनही त्यांच्यावर खटला भरला गेला नाही. खटला म्हटला, की पुरावे आले, साक्षी आल्या, उलटतपासणी आली. वॉर ऑफिसचे तक्ते उघड्यावर आणण्याची सरकारची इच्छा नव्हती.

पत्रानंतर

'डेली क्रॉनिकल' या दैनिकाने मॉरिस यांना लष्करी वार्ताहर म्हणून काम दिले. ऑक्टोबर १९१८ मध्ये लॉइड जॉर्ज यांच्या निकटवर्तीयांनी ते वृत्तपत्रच विकत घेतले आणि मॉरिस यांना तेथूनही बाहेर पडावे लागले. संपादक रॉबर्ट डोनाल्ड यांनीही खुर्ची सोडली. मॉरिस मग 'डेली न्यूज'कडे गेले.

९ मेच्या मतदानाने लिबरल पक्षात पडलेली भेग बुजली नाही. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत लॉइड जॉर्ज यांच्या आघाडीने अनेक लिबरल उमेदवारांना पाठिंबा नाकारला. खुद्द अॅस्क्विथ यांचा पराभव झाला. शतकभर इंग्लंडच्या राजकारणावर छाप ठेवणारा तो पक्ष पुन्हा कधी स्वबळावर सत्तेवर आला नाही. त्याची कारणे अनेक होती. पण दोन लिबरल नेत्यांमधील फूट सभागृहात उघड मोजली गेली, ती मॉरिस यांच्या पत्रावरील चर्चेत.

मॉरिस यांनी तक्रारीचे गाठोडे उराशी धरून आयुष्य काढले नाही. १९२२ मध्ये त्यांनी आपली बाजू मांडणारी पुस्तिका प्रसिद्ध केली आणि मग ते कामाला लागले. त्याच वर्षी ते आजोबांनी स्थापन केलेल्या वर्किंग मेन्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १९२७ मध्ये ते लंडन विद्यापीठात लष्करी विषयांचे प्राध्यापक झाले, तेही किंग्ज कॉलेजात. ज्या कॉलेजने आजोबांना काढून टाकले होते, तेथे पाऊण शतकानंतर नातू शिकवू लागला. पुढे ईस्ट लंडन कॉलेज, म्हणजे आजचे क्वीन मेरी, या संस्थेचे ते १९३३ ते १९४४ या काळात प्राचार्य होते. अमेरिकन यादवी युद्धातील सेनापती रॉबर्ट ली, जनरल रॉलिन्सन आणि लॉर्ड हॉल्डेन यांच्यावर त्यांनी चरित्रग्रंथ लिहिले.

त्यांचे सर्वच निर्णय काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. सप्टेंबर १९३८ मध्ये झेकोस्लोव्हाकियावरून युद्धाचे ढग दाटले असता, ब्रिटिश लीजनच्या माजी सैनिकांनी सुडेटन भागात तटस्थ पहारेकरी म्हणून जावे, असा प्रस्ताव घेऊन ते बर्लिनला जाऊन हिटलरला भेटले. स्वयंसेवक जहाजावर चढले, पण ते सुडेटन भागात कधी पोहोचलेच नाहीत. दोन युद्धांतील सैनिक एकमेकांचा शब्द पाळतील, हा त्यांचा भाबडा भरवसा होता. १९१८ मध्ये संसदेवर ठेवलेला भरवसाही याच जातीचा होता.

त्यांची कन्या जोन लग्नानंतर जोन रॉबिन्सन या नावाने विसाव्या शतकातील अग्रगण्य अर्थतज्ज्ञांपैकी एक ठरली. १९२६ मध्ये ती पती ऑस्टिन रॉबिन्सन यांच्यासह ग्वाल्हेरला आली. ऑस्टिन हे शिंदे घराण्यातील अल्पवयीन महाराज जिवाजीराव यांचे शिक्षक होते. मराठी दरबाराच्या त्या शहरात तिने दोनेक वर्षे काढली आणि हिंदुस्थानशी जडलेला तिचा संबंध आयुष्यभर टिकला. केंब्रिजमध्ये तिच्या हाताखाली शिकलेल्यांत अमर्त्य सेन आणि मनमोहन सिंग होते. प्रस्थापित मतांशी दोन हात करण्याबद्दल ती प्रसिद्ध होती. चौदाव्या वर्षी वडिलांचे ते पत्र तिच्याही हाती पडले होते.

लाल पेटी

लॉइड जॉर्ज यांनी १९३० च्या दशकात आपल्या युद्धस्मृती प्रसिद्ध केल्या, तेव्हाही मॉरिस यांच्यावर त्यांनी टीकेचा मारा केला. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९३४ मध्ये, त्यांच्या सचिव आणि पुढे पत्नी झालेल्या फ्रान्सिस स्टीव्हन्सन यांनी दैनंदिनीत एक आठवण लिहून ठेवली. १९१८ च्या त्या चर्चेनंतर पंतप्रधानांच्या कार्यालयातील एका सचिवाला वॉर ऑफिसकडून आलेल्या लाल पेटीत न उघडलेला एक कागद सापडला. त्यात दुरुस्त आकडे होते. सचिवाने तो कागद शेकोटीत टाकला आणि ही गोष्ट आपल्या दोघांपलीकडे जाणार नाही, असे तो म्हणाला.

ही आठवण घटनेनंतर सोळा वर्षांनी लिहिलेली आहे आणि जळालेला कागद नेमका कोणता होता, यावर इतिहासकारांत एकमत नाही. लॉइड जॉर्ज यांना चूक ठाऊक होती, की पेटी खरोखरच उघडली गेली नव्हती, हेही निश्चित सांगता येत नाही. मॉरिस यांनी मागितलेली चौकशी झाली असती, तर ते कागद समितीपुढे आले असते, संबंधितांच्या साक्षी झाल्या असत्या आणि हा प्रश्न १९१८ मध्येच सुटला असता. कदाचित तिसऱ्या मुद्द्यावर मॉरिस यांचीही चूक निघाली असती. ती जोखीम त्यांनी पत्र लिहितानाच पत्करली होती. आपले म्हणणे तपासून घ्या, असे ते सांगत होते. माझ्यावर विश्वास ठेवा, असे म्हणणारा त्यांच्यासमोर उभा होता, आणि सभागृहाने त्याच्यावर विश्वास ठेवला.

सर फ्रेडरिक मॉरिस यांचे १९ मे १९५१ रोजी केंब्रिज येथे निधन झाले. लाल पेटीची हकीकत लॉर्ड बीव्हरब्रुक यांच्या ग्रंथातून प्रसिद्ध झाली ती १९५६ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. १९७२ मध्ये त्यांची दुसरी कन्या नॅन्सी हिने वडिलांची कागदपत्रे एकत्र करून पुस्तकरूपाने छापली. ७ मे १९१८ च्या त्या पत्रावर संसदेची चौकशी मात्र शेवटपर्यंत झाली नाही.